गळणाऱ्या तेलाचा माग

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने जी वाहने बांधून घेतली त्यांच्या दप्तरांत जीपगाडीची नोंद ‘पाव टनी ट्रक, चार बाय चार’ अशी आहे. तिला हलकीफुलकी मोटार समजून तिच्यात बसणाऱ्यांना हे ऐकून मौज वाटेल; परंतु तिच्याखाली पाठीवर पडून वर पाहणाऱ्यास ती नोंद अगदी रास्त वाटते, कारण वरचा पत्रा, आसने आणि काच ही सारी उपचारापुरती असून खरी गाडी म्हणजे खालची ती पोलादी चौकट, पुढचा व मागचा अ‍ॅक्सल, आणि त्या दोहोंना इंजिनाची शक्ती वाटून देणाऱ्या, एकीच्या पाठीला दुसरी जोडलेल्या दोन बिडाच्या पेट्या. त्यांतली पुढची ती गिअरपेटी आणि मागची ती ट्रान्सफर केस. या दोन पेट्यांतले तेल बाहेर का येते, कोठून येते, आणि ते थांबवावयाचे कसे, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे. तो वरकरणी क्षुल्लक वाटला तरी या तेलाच्या अभावी दातेरी चाके झिजून निकामी झालेल्या गाड्या भंगाराच्या आवारांत आजही पाहावयास मिळतात.

१९४० सालच्या सप्टेंबरात पेनसिल्व्हेनिया संस्थानातील बटलर गावच्या बँटम कंपनीने आपला पहिला नमुना मेरीलँडमधील होलाबर्डच्या लष्करी तळावर नेऊन रुजू केला, आणि त्यानंतर टोलीडोच्या विलिस-ओव्हरलँड व फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. युद्धाबरोबर त्या आपल्याकडे आल्या, युद्धानंतर ‘डिस्पोजल’च्या लिलावांत विकल्या गेल्या, आणि स्वातंत्र्यानंतर महिंद्र आणि महिंद्र या कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलिसचे सुटे भाग जोडून त्या बांधावयास आरंभ केला. सीजे-३बी या नावाच्या नमुन्याचे उत्पादन अमेरिकेत १९६८ साली बंद झाले तरी आपल्याकडे त्याचा वंश चालूच राहिला, आणि महसूल, पाटबंधारे, जंगल अशा खात्यांच्या दौऱ्यांवर तो महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत पोहोचला. या सर्व गाड्यांच्या पोटात स्पायसर कंपनीच्या अठरा क्रमांकाच्या ट्रान्सफर केसची रचना होती. ती अमेरिकेत सुमारे तीस वर्षे मोठासा फेरफार न होता वापरात राहिली, आणि तेवढीच वर्षे थेंबथेंब गळतही राहिली.

तिची रचना थोडक्यात अशी. गिअरपेटीतील मुख्य दांडा मागच्या बेअरिंगमधून आरपार जाऊन ट्रान्सफर केसमध्ये शिरतो आणि त्याच्या टोकावर एक दातेरी चाक बसविलेले असते. त्याच्या खाली एका स्थिर दांड्यावर मधले गिअर फिरते, आणि त्याच्या बाजूला शक्ती बाहेर नेणारे दांडे असतात, ज्यांपैकी एक पुढच्या अ‍ॅक्सलकडे व दुसरा मागच्या अ‍ॅक्सलकडे तोंड करून गाडीच्या मध्यरेषेपासून एका अंगाला सरकलेला असतो. चालकाच्या पायापाशी गिअरच्या दांडीखेरीज ज्या दोन आखूड दांड्या दिसतात त्यांतील एकीने पुढची चाके जोडता-सोडता येतात आणि दुसरीने चढणीसाठी मंद गतीचे दाते लागतात. या साऱ्या पसाऱ्याला लागणारे तेल मात्र फार थोडे आहे: नमुन्यापरत्वे गिअरपेटीत लिटरभराच्या आसपास, व ट्रान्सफर केसमध्ये सुमारे दीड लिटर. अर्धा लिटर तेल गेले म्हणजे इंजिनाच्या हिशेबाने काही विशेष गेले असे होत नाही. पण येथे तो तिसरा हिस्सा असतो, आणि तेल पाहण्याची पट्टी या पेट्यांना नसल्यामुळे, बूच उघडून बोट घातल्याखेरीज त्याचा पत्ता लागत नाही.

जेथे फिरता दांडा स्थिर भिंतीतून बाहेर येतो तेथे फट ही राहणारच. ती बुजविण्याचा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. प्रारंभी नमद्याची म्हणजे दाबलेल्या लोकरीची कडी वापरीत, त्यानंतर चामड्याची. जर्मनीत वाइनहाइम येथे फ्रॉइडेनबर्ग नावाचे जे घराणे पिढ्यान्‌पिढ्या कातडी कमावण्याचा धंदा करीत होते, त्याने १९३० च्या सुमारास चामड्याची ओठवजा कडी धातूच्या वेष्टनात बसवून मोटार कारखान्यांना पुरविण्यास प्रारंभ केला, आणि कृत्रिम रबर निघाल्यावर चामड्याची जागा रबराने घेतली. आज ज्याला आपण ऑइल सील म्हणतो त्याचे कूळ असे एका चांभारकुंडापाशी जाऊन पोहोचते. स्थिर सांध्यांसाठी जे साधे गोल रबरी कडे वापरतात, त्या ओ-रिंगचे पेटंट जन्माने डॅनिश असलेल्या नील्स ख्रिस्टेनसेन या अमेरिकन संशोधकास १९३९ साली मिळाले, तेव्हा त्याचे वय सत्तरीच्या पुढे होते. युद्धकाळात अमेरिकन सरकारने ते हक्क विकत घेऊन सर्व कारखानदारांस खुले केले.

ऑइल सीलाचा ओठ दांड्याला घट्ट चिकटून बसतो आणि म्हणून तेल अडते, अशी जी सार्वत्रिक समजूत आहे ती अर्धीच खरी आहे. ओठाच्या पाठीमागे असलेली बारीक वळ्यांची स्प्रिंग त्याला दांड्यावर दाबून धरते हे खरे. परंतु ओठ आणि पोलाद यांच्यामध्ये तेलाचा एक अत्यंत पातळ थर असावाच लागतो, तो नसेल तर घर्षणाने रबर करपून त्याला चिरा जातात. ओठाचा तेलाकडचा उतार चढा आणि हवेकडचा सौम्य ठेवलेला असतो, आणि या असमान उतारांमुळे दांडा फिरू लागला की ओठ बाहेर निसटणारे तेल पुन्हा आत लोटीत राहतो. तात्पर्य, सील हे नुसते बूच नसून एक चिमुकला पंप आहे. त्याला गुळगुळीत दांडा हवा, मध्यभागी फिरणारा दांडा हवा, आणि आत फाजील दाब नको. यांपैकी एकही गोष्ट बिघडली तर सील कोरे करकरीत असूनही गळू लागते. गळणाऱ्या गाडीचे सील बदलून देण्यात मेस्त्रीचा अर्धा दिवस जातो, आणि महिन्याभरात तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत येते, याचे कारण बहुतेक वेळा येथे असते.

म्हणून दुरुस्तीच्या आधी तपास. तपासाची पहिली अडचण अशी की थेंब जेथून पडतो तेथे तो उगवलेला नसतो. तेल पेटीच्या अंगावरून उतरत सर्वांत खालच्या बोल्टाच्या टोकाशी जमते, आणि गाडी धावत असता वाऱ्याने मागे लोटले जाऊन मूळ जागेच्या हातभर मागे सगळे माखवून ठेवते. प्रथम तेलाची जात ओळखावी. इंजिनाचे तेल काळे पडलेले आणि बोटांना पातळ लागते. गिअरचे, गॅरेजात ज्याला नव्वद नंबर म्हणतात ते, दाट, मधाळ रंगाचे, आणि गंधकाच्या अशा उग्र वासाचे असते की एकदा ज्याने हुंगले तो पुढे डोळे मिटूनही ओळखील. क्लच हाऊसिंगच्या तळाशी जे लहान भोक ठेवलेले असते त्यातून तेल ठिबकत असेल तर ते इंजिनाच्या मागच्या बाजूचे की गिअरपेटीच्या पुढच्या बाजूचे, याचा निवाडा या वासावरच होतो, आणि तो अगोदर करून घेणे भाग आहे. कारण पहिल्या बाबतीत गिअरपेटी निर्दोष असून तिला हात लावण्याचे प्रयोजनच नसते.

त्यानंतर पेट्यांच्या अंगावरचा वर्षानुवर्षांचा तेलकट चिखल खरवडून काढावा, ब्रशाने रॉकेल लावून सर्व भाग धुवावा, कोरड्या चिंध्यांनी पुसून सुकू द्यावा, आणि त्यावर खडूची भुकटी उधळावी. मग गाडी दहा-पंधरा किलोमीटर अशी चालवावी की पेट्या हाताला चांगल्या गरम लागतील, आणि परत आल्याबरोबर, चहा घेण्यासही न थांबता, बॅटरी घेऊन खाली शिरावे. पांढऱ्या भुकटीवर पहिली ओली रेघ कोठून निघते हे त्या क्षणी जितके स्वच्छ दिसते तितके दुसऱ्या दिवशी सकाळी दिसत नाही, कारण रात्रभरात ती रेघ पसरून सगळीकडचा साक्षीपुरावा एकमेकांत मिसळलेला असतो. सीलाभोवती नुसता ओलसरपणा दिसला आणि थेंब धरत नसेल, तर माझ्या मते तेथे पाना लावू नये. पंपाचे काम करणाऱ्या ओठाने एवढी सवलत घेणे गैर नाही.

घाटमाथ्यावरच्या एका गॅरेजात मी एकदा बसलो असता एक चालक ठेकेदाराची जुनी जीप घेऊन आला. मागचे सील गळते, नवे घाला, एवढीच त्याची मागणी होती.

“सील केव्हा घातलं होतं?” मेस्त्रींनी विचारले.

“मागच्याच महिन्यात, मेस्त्री. त्याच्या आधी दिवाळीत.”

“आणि ब्रीदर उघडून बघितला कुणी?”

चालकाने मान हलवली. मेस्त्रींनी पोऱ्याला हाक मारली, पेटीच्या अंगावरचा, आतल्या हवेला बाहेर वाट देणारा तो बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा, म्हणजेच ब्रीदर, सोडविला, उजेडाकडे धरला, आणि आरपार काही दिसेना तेव्हा सायकलच्या आऱ्याचे टोक घालून आतून वाळलेल्या लाल मातीची एक कांडी बाहेर काढली. त्या दिवशी सील बदलले गेलेच नाही. या प्रकारात गूढ काही नाही. पेटीतील तीस अंशांची हवा चालताना नव्वद अंशांपर्यंत तापली आणि तिला बाहेर जाण्यास वाट नसली, तर तिचा दाब सुमारे एक पंचमांशाने वाढतो. हा दाब ओठाला उचलावयास पुरेसा असून तो प्रत्येक फेरीत थोडे थोडे तेल बाहेर लोटीत राहतो. उलट, तापलेली पेटी ओढ्याच्या पाण्यात शिरली की आतील हवा एकदम आकुंचन पावते, आणि सीलाच्या ज्या फटीतून तेल बाहेर येत होते तिच्यातूनच पाणी आत ओढले जाते. पावसाळ्यात बूच उघडल्यावर तेल दुधाळ, गढूळ दिसले तर ते लगेच बदलावे. पाणी मिसळलेले तेल दात्यांवर टिकत नाही, आणि बेअरिंगांना गंज चढतो तो वेगळाच.

गळतीचा आणखी एक प्रकार असा आहे की त्यात जमिनीवर थेंबही पडत नाही. गिअरपेटीचा दांडा ट्रान्सफर केसमध्ये शिरतो तेथील आडोसा झिजला म्हणजे एका पेटीतले तेल दुसरीत जाऊ लागते; एक रिकामी होते, दुसरी बुचाच्या वर भरते, आणि ही भरलेली पेटी मग आपल्या सीलांतून जास्तीचे तेल बाहेर टाकू लागते. मालक बिचारा जी पेटी गळते तिच्याकडे पाहात असतो, आणि उपाशी असते ती शेजारची. यासाठी तपासाच्या वेळी दोन्ही बुचे उघडून दोन्ही पातळ्या पाहण्याचा शिरस्ता ठेवावा. काही नमुन्यांत कारखान्यानेच दोन्ही पेट्यांमध्ये तेल खेळण्यास वाट ठेवली आहे, तेथे हा दोष मानू नये. मात्र तेल बदलताना दोन्ही पेट्या एकदमच रिकाम्या करून भराव्या.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीकडे वळू, आणि सर्वांत सामान्य जी मागच्या दांड्याच्या सीलाची, तिच्यापासून आरंभ करू. गाडीखाली जाण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी. या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या दांड्यावर बसविलेल्या ड्रमवर चालतो, म्हणजे तो चाकांना धरतो ते केवळ प्रॉपेलर शाफ्टच्या मध्यस्थीने. तो शाफ्ट सोडविला की हँडब्रेक कितीही ओढलेला असो, मागची चाके मोकळी होतात. किंबहुना शाफ्ट जागेवर असतानाही एक मागचे चाक जॅकवर उचलले तर डिफरन्शियलमुळे ते चाक गरगर फिरू शकते आणि गाडी पुढे सरकू शकते. म्हणून चाकांना पुढून-मागून दगड नव्हे तर नीट कापलेले लाकडी ठोकळे लावावे, चौकटीखाली घोड्या द्याव्या, आणि केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. गळतीमुळे या ब्रेकचीच आधी वाताहत होते, हेही येथे सांगावयास हवे: सीलातून आलेले तेल थेट ड्रममध्ये जाते, लायनर तेल पिते, आणि चढावर उभी केलेली गाडी धरीनाशी होते. हँडब्रेक धरत नाही म्हणून त्याची तार आवळून आवळून कंटाळलेल्या मनुष्याने एकदा ड्रमच्या आत डोकावून पाहावे.

तेल काढून घ्यावे ते गरम असताना, आणि पांढऱ्या चिनी बशीत त्यातले थोडे ओतून पाहावे. सोनेरी चकाकणारी धूळ असेल तर पितळी कड्या व वॉशर झिजत आहेत. पोलादाचे तुकडे असतील तर प्रश्न सीलाचा राहिला नाही, पेटी उघडावीच लागेल. त्यानंतर प्रॉपेलर शाफ्ट सोडवून बाजूस बांधून ठेवावा, मधल्या मोठ्या नटाची खीळ काढून तो नट लांब पान्याने सोडवावा, आणि ड्रमसकट फ्लँज पुलरने ओढून काढावी. हातोडीचे घाव घालून काढू नये, कारण ते घाव आतील बेअरिंगांना सोसावे लागतात. फ्लँज हाती आली की तिचा जो गुळगुळीत भाग सीलाच्या ओठात फिरतो त्यावरून नख फिरवावे. नख अडकले, तर सीलाच्या ओठाने वर्षानुवर्षे घासून पोलादात खोबण पाडली आहे असे समजावे. रबराने पोलाद झिजते हे प्रथम ऐकणाऱ्यास पटत नाही, परंतु झिजविते ते रबर नव्हे, रबरात रुतून बसलेली धूळ आणि रेतीचे कण.

या खोबणीवर इलाज तीन आहेत. खोबण उथळ असेल तर नवे सील किंचित आत किंवा किंचित बाहेर बसवावे, म्हणजे त्याचा ओठ कोऱ्या पोलादावर फिरतो. ती खोल असेल तर त्या भागावर पोलादाची पातळ नळी चढवितात, अशा नळ्या बाजारात तयार मिळतात. आणि दोन्ही न जमल्यास फ्लँजच नवी घ्यावी. पॉलिश पेपर मारून खोबण घालविण्याचा उद्योग करू नये, आणि काही घासावयाचेच असेल तर कागद दांड्याच्या भोवती फिरवावा, लांबीच्या दिशेने नव्हे. लांबीत गेलेला प्रत्येक चरा म्हणजे तेलाला बाहेर येण्यासाठी आखून दिलेला रस्ता होय. याच वेळी दांडा हाताने धरून वर-खाली व पुढे-मागे हलवून पाहावा. पुढे-मागे होणारा खेळ इंचाच्या चार ते आठ सहस्रांशांइतका असावा, असा या पेटीचा हिशेब आहे, आणि तो मागच्या झाकणाखालील पातळ शिमा कमीअधिक करून जुळवितात. तो याहून पुष्कळ अधिक असेल किंवा दांडा वर-खाली हलत असेल, तर बेअरिंगे झिजलेली आहेत, आणि अशा डुलणाऱ्या दांड्यावर जगातले उत्तम सीलही टिकणार नाही.

नव्या सीलाचा ओठ आणि स्प्रिंग तेलाच्या बाजूस, हे उघड असूनही घाईत उलटे बसविलेले सील मी पाहिले आहे. ओठाला आधी तेल लावावे, चामड्याचे असेल तर ते काही वेळ तेलात भिजत ठेवावे; सीलाच्या बाहेरच्या कडेएवढ्याच व्यासाची पाइपाची नळी किंवा जुने बेअरिंग वर ठेवून चारी बाजूंनी सारखे ठोकीत ते आत सरकवावे. एवढे करूनही गळती राहिली तर बहुधा ती ओठातून नसते. दांड्यावरचे लांबट दाते, ज्यांना स्प्लाइन म्हणतात, त्यांच्या खाचांतून तेल हळूहळू सरकत नटाखाली येते आणि तेथून ड्रममध्ये. फ्लँज चढविण्यापूर्वी स्प्लाइनवर व वॉशरखाली सीलंटचा पातळ लेप दिला म्हणजे हा चोरदरवाजा बंद होतो. हा लेप देण्यास पाच मिनिटे लागत नाहीत, आणि तो न दिल्यामुळे निर्दोष सीलांना दोष देऊन ती फेकली जातात. तेल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन वापरण्याची काटकसर मात्र मला मान्य नाही; गरम झाल्यावर त्याच्या पोटातले तेल पुन्हा वर येते. लायनर नवेच घ्यावे.

दुसरी जागा मधल्या स्थिर दांड्याची. जात्याची खीळ स्थिर राहून वरचा दगड तिच्याभोवती फिरतो, तसे मधले गिअर या दांड्याभोवती फिरते, आणि दांड्याचे मागचे टोक पेटीच्या भिंतीतून बाहेर डोकावते. हा दांडा स्वतः फिरू नये म्हणून त्याच्या टोकातील खाचेत एक लहान पट्टी बसवून ती बोल्टाने आवळलेली असते. कालांतराने दांडा भोकात सैल होतो आणि त्याच्या कडेने तेल पाझरते. पट्टीवर बाहेरून सीलंट थापणे हा या गळतीवरचा प्रचलित तोडगा असून तो फार दिवस टिकत नाही. खरे काम करावयाचे तर तेल काढून, पेटीचे खालचे झाकण उघडून, पट्टी सोडवून, पितळी दांडीने दांडा मागच्या दिशेने ठोकून काढावा लागतो. आणि येथे सावधगिरी ही की गिअरच्या पोटात सुईसारख्या बारीक रोलरांची ओळ असते, तिचा आधार निघाला की ते रोलर पावसासारखे तोंडावर कोसळतात. त्यासाठी गिअरच्या लांबीचा एक दुय्यम दांडा लाकडाचा वा लोखंडाचा तयार ठेवून, तो खऱ्या दांड्याच्या पाठोपाठ ठोकीत न्यावा, म्हणजे रोलर जागेवर राहतात आणि गिअर अलगद हातात येते. दोन्ही टोकांचे पितळी वॉशर झिजले असल्यास बदलावे, दांडा झिजला असल्यास नवा घ्यावा, ओ-रिंगसाठी सोय असलेल्या नमुन्यांत नवी ओ-रिंग घालावी, आणि नसेल तेथे दांड्याच्या बाहेरच्या टोकापुरता सीलंट लावून तो परत बसवावा.

खालच्या झाकणाच्या पॅकिंगबद्दल दोनच शब्द पुरेत. गळती थांबावी म्हणून जो तो ते बोल्ट आवळीत जातो, आणि आवळल्याने पत्र्याचे झाकण भोकांभोवती फुगून मधल्या जागी पॅकिंगपासून सुटते, म्हणजे जितके आवळावे तितके गळते. झाकण काढून सपाट ऐरणीवर भोकांभोवतीचे उंचवटे ठोकून बसवावे, आणि नवे पॅकिंग घालून बोल्ट समोरासमोरचे क्रमाने, बेताने आवळावे.

तेल भरताना बाजारातील सर्वांत महाग तेल तेच उत्तम, हा समज येथे घातक ठरू शकतो. डिफरन्शियलसाठी बनविलेल्या जीएल-५ दर्जाच्या तेलांत गंधक व स्फुरद यांची संयुगे अधिक प्रमाणात असतात, आणि त्यांतील काही तेले गिअरपेटीतील पितळी सिंक्रोनायझर कड्यांना हळूहळू खातात; तेथे जीएल-४ दर्जाचे नव्वद नंबर तेल भरावे. गाडी सपाट जागेवर उभी करून, बुचाच्या भोकातून तेल आपण होऊन बाहेर ओघळू लागेपर्यंत भरावे, आणि ओघळणे थांबल्यावर बूच लावावे. त्याहून अधिक मावत नाही. जॅकवर तिरप्या उभ्या गाडीत मात्र ते मावते, आणि तेच पुढे सीलांतून बाहेर येते.

जीपच्या पेट्या बिडाच्या होत्या म्हणून त्यांच्या भिंतींवर संशय घेण्याचे कारण कधी पडले नाही. पुढील काळात वजन वाचविण्यासाठी भिंतीच हलक्या धातूंच्या झाल्या, आणि गळतीला एक नवेच मूळ फुटले. जनरल मोटर्सच्या १९९८ नंतरच्या चारचाकी-चालनाच्या काही पिकअप ट्रकांत एनव्ही-२४६ नावाची जी ट्रान्सफर केस बसविलेली असे, तिची भिंत मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती, आणि आत तेल खेळविण्यासाठी दांड्याभोवती एक छोटा पंप होता. पंपाने दांड्याबरोबर फिरू नये म्हणून त्याचे कान भिंतीतील खोबणीत अडकविलेले असत; परंतु ते कान तेथे सतत थरथरत राहून मऊ भिंत घासत आणि काही वर्षांनी तिला आरपार बारीक भोक पाडत. हे भोक तेलाच्या पातळीच्या पुष्कळ वर, पेटीच्या खांद्यापाशी असते, त्यामुळे उभ्या गाडीखाली थेंब पडत नाही आणि मालक निश्चिंत राहतो. गाडी धावू लागली की मात्र आतले तेल उसळून त्या भोकातून फेकले जाते, आणि मागचा पत्रा निळसर तेलाने माखतो. निळसर अशासाठी की या पेटीचे विशिष्ट तेल निळ्या रंगाचे असते, तर तिला जोडलेल्या स्वयंचलित गिअरपेटीचे तेल लाल. गळतीची जात ओळखण्यास जीपमध्ये नाकाची मदत घ्यावी लागे, येथे डोळे पुरतात. लाल तेल घटत चालले आणि निळ्याची पातळी वाढून त्याचा रंग जांभळट झाला, तर दोन पेट्यांमधले सील गेले असे समजावे.

भोक पडलेल्या भिंतीवर बाहेरून एपॉक्सीचा लेप देणारे पुष्कळ आहेत. गाडी विकावयाची असेल तर तो लेप सोयीचा, पण आत पंपाचे कान थरथरतच असतात आणि लेपही घासून निघतो. योग्य रीत म्हणजे पेटी गाडीखालून उतरवून तिचा मागचा अर्धा भाग उघडणे, आणि तो भाग नवा घालणे किंवा दुरुस्त केलेला वापरणे, व त्याचबरोबर पंपाच्या कानांना भिंतीशी घासू न देणारी सुधारित पट्टी किंवा पंप बसविणे. हे काम दिवसभराचे आहे आणि त्याला पैसा लागतो; म्हणून ज्याच्या ट्रकला अशी पेटी आहे त्याने, अंगणात थेंब पडो वा न पडो, दर वेळी इंजिनाचे तेल बदलताना या पेटीचेही बूच उघडून पातळी पाहावी, आणि बॅटरीच्या उजेडात तिच्या खांद्याच्या मागच्या अंगावरून एक कोरी पांढरी चिंधी फिरवून ती निळी होते की काय ते पाहावे.